केळीच्या बागेसाठी थर्मल दुर्बीण निवडताना

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची केळी आणि मका आहे. शेतीपंपाची थ्री फेज वीज आठवड्यातील काही दिवस रात्रीच मिळत असल्याने आमचे निम्मे पाणी अंधारात दिले जाते. मोटार चालू करायला ज्या रात्री जावे लागते, त्या रात्री शिवारात आपण एकटे नसतो. मक्यात रानडुकरांचा कळप असतो, हरभऱ्यात रोही (नीलगायी) असतात, ठिबकची नळी चावणारा कोल्हा असतो आणि वर्षातून काही वेळा नाल्याच्या काठाने जाणारा बिबट्याही असतो. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या पट्ट्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतले, त्या हिवाळ्यापासून आमच्या घरातील बायकांनी रात्री शेतात जाण्याचा विषय कधीही सहज सोडून दिलेला नाही. बॅटरीच्या झोतात फक्त समोरचे २०-३० पावलांचे रान दिसते आणि त्या झोतामुळे आपण मात्र साऱ्या शिवाराला दिसतो. म्हणून गेल्या काही वर्षांत मी रात्री पाहण्याच्या यंत्रांचा अभ्यास केला, दोन यंत्रे विकत घेतली आणि त्यांतले पहिले चुकीचे निघाले.

या विषयावर वाचायला गेले की बहुतेक मजकूर अमेरिकेतला सापडतो आणि तो कोयोटच्या शिकारीविषयी असतो. कोयोट म्हणजे आपल्या कोल्ह्याचा आणि लांडग्याचा उत्तर अमेरिकेतील नातलग. तेथील अनेक राज्यांत पशुपालकांना आणि शिकाऱ्यांना तो रात्री मारण्याची मुभा आहे, नियम मात्र राज्यागणिक वेगळे आहेत. आपल्याकडे ही मुभा नाही आणि ती नसावी असेच माझे मत आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला मनाई आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा बिबट्याप्रमाणेच पहिल्या अनुसूचीत आहे. तरीही ते अमेरिकी लेखन आपल्या कामाचे आहे, कारण कोयोट साधारण ७ ते २० किलोचा असतो आणि आपला कोल्हा ८ ते ११ किलोचा. रोही किंवा डुक्कर दिसणे सोपे असते. एवढ्या लहान अंगाचा प्राणी किती अंतरावर ओळखू येतो, ही यंत्राची खरी परीक्षा आहे, आणि तेथील लोकांनी ती परीक्षा वर्षानुवर्षे घेतलेली आहे.

माझे पहिले यंत्र डिजिटल नाइट व्हिजनचे होते. त्यात कॅमेऱ्यासारखा सेन्सर असतो आणि सोबत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा दिवा असतो. हा दिवा दोन प्रकारचा मिळतो. ८५० नॅनोमीटरच्या दिव्याचा प्रकाश लांब जातो, पण त्याच्या तोंडाशी मंद लाल ठिणगी दिसते. ९४० नॅनोमीटरचा दिवा दिसत नाही, पण त्याची पोच बरीच कमी असते. माझा ८५० चा होता. विक्रेत्याने तो मोकळ्या मैदानात दाखवला तेव्हा चित्र सुरेख वाटले, पण केळीच्या बागेत तोच दिवा जवळच्या पानावर पडून परत डोळ्यांत येई, पावसाळ्यात झोतात शिरलेला प्रत्येक किडा पांढऱ्या ठिपक्यासारखा नाचे आणि त्यामागचे सारे काळोखात जाई. डुकरांनी ती लाल ठिणगी ओळखली असावी असे मला वाटते, कारण दोन-तीन रात्रींनंतर दिवा लावला की कळप सरकायचा. यंत्राचा गुण एवढाच की चित्रात अंगावरचे पट्टे, शिंगे, गळ्यातला पट्टा आणि चमकणारे डोळे स्पष्ट दिसतात. ज्यांचे शेत उघडे आहे, ज्यांच्याकडे हरभरा किंवा भुईमूग आहे आणि ज्यांना १०० मीटरच्या आतच पाहायचे आहे, त्यांनी कमी पैशांत हे यंत्र घ्यायला माझी हरकत नाही. मंद उजेड नळीत वाढवून दाखवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या, हिरव्या चित्राच्या नाइट व्हिजनचा विचार मात्र शेतकऱ्याने करू नये. चांगल्या नळीची किंमत फार असते आणि चालू नळीवर भर दिवसाचा उजेड पडला तर ती खराब होऊ शकते.

थर्मलचे तत्त्व अगदी वेगळे आहे. प्रत्येक वस्तू स्वतःच्या उष्णतेमुळे अवरक्त किरण सोडत असते आणि थर्मलचा सेन्सर त्यांपैकी सुमारे ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या लहरी पकडतो. त्याला दिवा लागत नाही, चांदणे लागत नाही, आणि आपण पाहतो आहोत हे समोरच्याला कळत नाही. साधी काच या लहरींना अडवते, म्हणून त्याची भिंगे जर्मेनियमची असतात आणि म्हणूनच यंत्र महाग असते. याच कारणामुळे जीपच्या बंद काचेतून थर्मलने बाहेरचे काही दिसत नाही. पानामागचेही दिसत नाही, हे केळीवाल्यांनी आधीच मनाशी पक्के करावे. दाट बागेत डुक्कर उभे असेल तर खांबांच्या फटीतून त्याचा एखादा तुकडा दिसतो, तेवढाच. मी तर आता यंत्र घेऊन बागेत शिरतच नाही. बांधाच्या टोकाला उभे राहून दोन ओळींमधल्या गल्ल्या एकेक करून पाहतो.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत अंतर छापलेले असते, १२०० मीटर किंवा १८०० मीटर, आणि गिऱ्हाईक त्याच आकड्यावर भुलते. ते अंतर बहुधा १.८ मीटर उंचीचा माणूस उभा आहे असे धरून काढलेले असते आणि त्याचा अर्थ इतकाच की तेथे काहीतरी गरम आहे हे कळेल. ते काय आहे, हे त्या अंतरावर कळत नाही. हा हिशेब आपल्याला स्वतः करता येतो. सेन्सरच्या एका पिक्सेलचा आकार, आजकाल बहुतेक यंत्रांत १२ मायक्रॉन, भिंगाच्या मिलिमीटरमधील फोकल लांबीने भागायचा. २५ मिलिमीटरचे भिंग असेल तर उत्तर ०.४८ येते, म्हणजे १०० मीटरवर एक पिक्सेल ४.८ सेंटिमीटर जागा व्यापतो. कोल्हा खांद्यापाशी साधारण ४५ सेंटिमीटर उंच धरला, तर १०० मीटरवर त्याच्या वाट्याला उंचीचे नऊ-साडेनऊ पिक्सेल येतात, २०० मीटरवर पाचांहून कमी आणि ४०० मीटरवर जेमतेम दोन. जॉन जॉन्सन या अमेरिकी संशोधकाने १९५८ मध्ये सैन्यासाठी जे निकष मांडले, ते आजही वापरात आहेत. पिक्सेलच्या भाषेत सांगायचे तर काहीतरी आहे हे कळायला सुमारे दोन पिक्सेल लागतात, कोणत्या जातीची वस्तू आहे हे कळायला सुमारे आठ आणि नेमकी ओळख पटायला सुमारे तेरा. हे आकडेही निम्म्या वेळा बरोबर येण्याचे आहेत, खात्रीचे नव्हेत. म्हणजे खोक्यावर १२०० मीटर लिहिलेले यंत्र कोल्ह्याच्या बाबतीत १००-१२५ मीटरचेच यंत्र ठरते.

भिंग मोठे घेतले की अंतर वाढते, पण चित्राची रुंदी घटते. ३८४ बाय २८८ पिक्सेलच्या सेन्सरला २५ मिलिमीटरचे भिंग असेल तर १०० मीटरवर सुमारे १८ मीटर रुंद पट्टा दिसतो, ३५ चे असेल तर १३ मीटर. आमच्यासारख्या ठिकाणी, जेथे जनावर ६० पावलांवर अचानक बांध ओलांडते, अरुंद चित्रात ते सापडतच नाही. गिरणेच्या किंवा तापीच्या काठच्या मोकळ्या कपाशीच्या रानासाठी ३५ चांगले, बागायतीसाठी १९ किंवा २५. डिजिटल झूमसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये, कारण तो तेच पिक्सेल मोठे करून दाखवतो.

ओळख पटणे मला इतके महत्त्वाचे का वाटते, ते एका रात्रीमुळे. पौषातली गोष्ट आहे. यंत्र नवीन होते आणि सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, माझ्यासोबत होता. दीडशे मीटरवर मक्याच्या कडेला एक बुटका, पांढरा गोळा जमिनीलगत हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. डुक्कर मुळे उकरते तेव्हा अगदी असेच दिसते. सालदाराने सुतळी बॉम्ब हातात घेतला होता. मी त्याला थांबवले, कारण मला त्या गोळ्याच्या मागे शेपटीकडचा निमुळता भाग सापडत नव्हता. आम्ही पन्नास-साठ पावले पुढे गेलो आणि त्या गोळ्याला अचानक एक हात फुटला. सालदार ओरडला, "कोन शे रे तठे?" तिकडून शेजारच्या मळ्यातल्या आबांचा आवाज आला, "मी शे रे भाऊ, वॉल फिराई राहिनू." आबा घोंगडी पांघरून पाण्याच्या व्हॉल्व्हवर वाकले होते. जाड घोंगडीने अंगाची उष्णता झाकली होती, त्यामुळे यंत्राला फक्त चेहरा आणि पंजे दिसत होते, आणि सत्तरीतला माणूस डुकराएवढा झाला होता. त्या रात्री घरी आल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. अमेरिकेतले जाणते शिकारी बंदुकीवर बसवलेल्या स्कोपमधून रान न्याहाळू नका असे बजावतात, कारण तसे पाहणे म्हणजे न ओळखलेल्या वस्तूवर नळी रोखणे होय. हातात धरायची साधी दुर्बीण घ्यावी आणि आधी ओळखावे, हा त्यांचा नियम आपल्यालाही तितकाच लागू आहे. आपल्याला तर नेमाची खूण असलेला स्कोप घेण्याचे कारणच नाही.

खान्देशाच्या हवेविषयी कोणताही विक्रेता बोलत नाही. थर्मल तापमानातला फरक दाखवते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. दिवसभर तापलेली काळी जमीन, बांधाचे दगड आणि विहिरीचे कठडे रात्री दहा-अकरापर्यंत गरम असतात. त्या वेळी प्रत्येक दगड बसलेल्या जनावरासारखा दिसतो आणि खरे जनावर जमिनीत विरून जाते. एकदा तर तापलेल्या बांधाच्या पांढऱ्या पट्ट्यावरून मला काळा कोल्हा जाताना दिसला, कारण त्याच्या केसांपेक्षा जमीनच अधिक गरम होती. उन्हाळ्यात खरे पाहणे मध्यरात्रीनंतर, पहाटेपर्यंत. पावसाळ्यात उलटे होते. ओली पाने, ओली माती आणि हवा एकाच तापमानाला येतात आणि चित्र राखेसारखे सपाट होते. येथे सेन्सरची संवेदनशीलता कामी येते, जी मिलिकेल्विनमध्ये (अंशाच्या हजाराव्या भागांत) दिलेली असते आणि जितकी कमी तितकी चांगली. माझ्या मते आपल्या हवेसाठी ४० च्या वरचे यंत्र घेऊ नये आणि परवडत असेल तर २५ च्या आतले घ्यावे. हिवाळ्यात कोणतेही थर्मल सुंदर दिसते, म्हणून डिसेंबरात दुकानात पाहून भुलू नये.

चित्राचा वेग २५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २५ चित्रे, किंवा अधिक असावा. अमेरिकेच्या निर्यात नियमांमुळे बाजारात ९ हर्ट्झची यंत्रेही बरीच येतात आणि त्यांत पळणारा कोल्हा तुटक उड्या मारताना दिसतो. बॅटरी बदलता येणारी हवी, १८६५० या आकाराची गोल लिथियम बॅटरी असेल तर उत्तम. पडद्याचा उजेड सर्वांत कमी ठेवावा, कारण अंधाराला सरावलेला डोळा एकदा दिपला की पुन्हा सरावायला २०-३० मिनिटे लागतात.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने घरच्यांनाही सांगून ठेवावी. थर्मलला साप बहुधा दिसत नाही. घोणस किंवा मण्यार यांचे अंग भोवतालच्या जमिनीइतक्याच तापमानाचे असते, त्यामुळे लांबचा बिबट्या दाखवणारे यंत्र पायाजवळची घोणस दाखवत नाही. चालताना यंत्र गळ्यात, बॅटरी हातात आणि पायांत गमबूट, हे मी एकदाही मोडत नाही.

यंत्राचा एक अनपेक्षित उपयोगही झाला. पंपाच्या खोलीत सहज पाहिले तेव्हा स्टार्टरमधल्या तीन वायरींपैकी एकीचे टोक इतर दोघींपेक्षा पांढरे फटक दिसले. वायरीच्या टोकाचा धातूचा जोड (लग) ढिला झाला होता आणि मोटार जळण्याच्या बेतात होती.

रात्रीची राखण परवडत नाही म्हणून कुंपणाच्या तारेत थेट लाइनचा करंट सोडणारे लोक आजही आहेत. तो गुन्हा आहे, आणि त्या तारेला डुक्कर, रोही, बैल आणि आबांसारखा माणूस यांतला फरक कळत नाही. मी मक्याला सौर झटका मशीन लावले आहे, तिचा धक्का क्षणभराचा असतो. कोल्ह्याला मी हाकलतही नाही, तो उंदीर खातो. डुकरे दिसली तर सुतळी बॉम्बचा आवाज पुरेसा होतो. बिबट्या दिसला तर आम्ही पंपाच्या खोलीत दार लावून बसतो आणि वनरक्षकाला फोन करतो.

मी शेवटी ३८४ बाय २८८ चा सेन्सर, २५ मिलिमीटरचे भिंग आणि ५० हर्ट्झचे यंत्र घेतले. पैसे देण्याआधी विक्रेत्याला स्पष्ट सांगितले की रात्री माझ्या शेतात पाहिल्याशिवाय घेणार नाही, आणि तो आला. टेपने ५०, १००, १५० मीटरवर खुणा केल्या. धाकट्या भावाने दोरी धरून एकदा कुत्रा आणि एकदा शेळी न सांगता उभी केली, आणि मी यंत्रातून पाहून नाव घ्यायचे, असे वीस वेळा केले. पन्नासवर एकही चूक झाली नाही. शंभरवर दोन-तीन झाल्या. दीडशेवर मी केवळ अंदाज करत होतो. मग खुणा जवळजवळ करत मधले अंतर शोधले आणि यंत्राच्या पाठीवर पांढऱ्या पेनाने '११०' असा आकडा लिहून ठेवला. सालदाराला वाचायला येत नाही, पण तो आकडा त्याला ओळखता येतो, आणि त्यापलीकडचा पांढरा गोळा दिसला की तो आता आधी हाक मारतो.