काटा शून्यावर, वाफ वरच्या मजल्यावर

"प्रेशर वाढवायला हवं." या हिवाळ्यात घर तापवणारा वाफेचा बॉयलर पाहायला आमच्या तळघरात जो जो तंत्रज्ञ उतरला त्याने हेच सांगितलं आणि प्रेशरट्रोलचा, म्हणजे किती दाबाला बर्नर बंद व्हायचा ते ठरवणाऱ्या डबीचा, स्क्रू आणखी थोडा फिरवून बिल हातात ठेवलं. घर काही धड तापेना. उलट रात्री पाइपांवर घण घातल्यासारखे आवाज, रेडिएटरचे हवा बाहेर सोडणारे व्हेंट शिट्ट्या मारतायत, पाणी उडवतायत. शेवटी आलेल्याने तर नव्या बॉयलरचं हजारो डॉलरचं कोटेशनच दिलं. माझा संताप झाला तो यामुळे, की इतक्या जणांपैकी एकानेही ती डबी ज्या नळीवर बसते ती नळी उघडून पाहिली नव्हती.

न्यू जर्सीतलं हे घर १९२० च्या दशकातलं. तळघरात गॅसवर पाणी उकळतं, वाफ एकाच पाइपाने वर रेडिएटरमध्ये जाते आणि तिचं झालेलं पाणी त्याच पाइपाने उताराला लागून परत येतं. पंप नाही, पंखा नाही. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा घेते, त्या जोरावरच ती वरच्या मजल्यापर्यंत पोचते. दाब लागतो फक्त १.५ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे चौरस इंचाला पौंड). आपला कुकर शिट्टी देतो तो साधारण १५ पीएसआयला. म्हणजे डाळ शिजायला लागतो त्याच्या दहाव्या हिश्शात अख्खं घर गरम. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हा उतार धरून पाइप बसवले, त्या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यांची जुळणी आजही चालते.

प्रेशरट्रोल म्हणजे बॉयलरवरची करडी डबी. आमच्या डबीत बाहेरच्या पट्टीवर बर्नर पुन्हा पेटण्याचा दाब लावायचा, ०.५. आतल्या पांढऱ्या चाकावर फरक लावायचा, १. दोन्हींची बेरीज १.५ झाली की बर्नर बंद. ही डबी एका वेढा दिलेल्या नळीवर बसते. वेढ्यात पाणी साठून राहतं, त्यामुळे गरम वाफ थेट डबीच्या पडद्याला लागत नाही. आमच्याकडे दाबाचा काटाही त्याच नळीवर आहे.

हे सगळं मी व्हिडिओ कॉलवर आबांना दाखवत होतो. आबा आमच्याकडच्या साखर कारखान्यात फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट होते, चौरस सेंटीमीटरला ४५ किलो दाबाच्या बॉयलरवर. गळीत हंगामापूर्वीचं बॉयलर अग्निप्रदीपन लहानपणी मी त्यांच्या शेजारी उभं राहून पाहिलंय. त्यांनी आधी व्हेंटची शिट्टी ऐकली, मग काटा पाहिला.

"काटा शून्यावर आणि वाफ वरच्या मजल्यावर? काटा खोटं बोलालाय बघ. सायफन काढ."

आमच्या कारखान्यात प्रत्येक प्रेशर गेजखाली सायफन असतो, तीच ही नळी. बंद करून, पूर्ण थंड होऊ देऊन, दोन पान्यांनी धरून मी ती काढली. आत गंजाचा लगदा घट्ट बसला होता. बॉयलरकडचं तोंडही तसंच. मग सगळं जुळलं. दाब काट्यापर्यंत पोचत नव्हता म्हणून काटा शून्यावर. डबीपर्यंत पोचत नव्हता म्हणून बर्नर थांबत नव्हता. तंत्रज्ञ काट्यावर विश्वास ठेवून दाब वाढवत गेले, आणि आत तो आधीच जास्त होता. आबांचं गणित: १० मीटर पाण्याला १ किलो, म्हणजे १ पीएसआयला २८ इंच. परतीच्या टोकाला तेवढा दाब नसेल तर पाणी तितकं वर चढून अडतं, आणि वाफ त्या पाण्यावर आदळते. घण तेच घालत होते. १५ पीएसआयचा सेफ्टी व्हॉल्व्ह होता, म्हणून धोका तिथे थांबला असता. पण तेवढ्यावर भरवसा ठेवून कोणी घरात झोपू नये.

नळी व्हिनेगरने धुतली, तारेने मोकळी केली आणि बसवण्याआधी तिच्यात पाणी भरलं (कोरडी बसवली तर पहिली वाफ थेट डबीला लागते). आकडे पुन्हा ०.५ आणि १. शेजारी ० ते ३ पीएसआयचा छोटा गेजही लावला, कारण नियमाने असलेल्या ० ते ३० च्या काट्यावर दीड पीएसआय कळतच नाही. आता बर्नर १.५ ला थांबतो, घर शांत आहे.

"आपल्याकडे देखभाल म्हणून नसते" असं इथले मराठी लोक पार्ट्यांमध्ये सहज बोलतात. मला ते सहन होत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टनला १९०५ साली बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसं गेली, मग १९०७ मध्ये तिथे कायदा झाला. आपला बॉयलर कायदा १९२३ चा, आता २०२५ चा नवा. आबांच्या बॉयलरला दरवर्षी तपासणी होती आणि परवान्याशिवाय कोणी व्हॉल्व्हला हात लावत नसे. माझ्या तळघरात तसं कोणी येत नाही. (१ किलोच्या खालचे बॉयलर आपल्या कायद्यातही धरत नाहीत, हेही खरं.) मी कारखान्यात न राहता संगणकाच्या कामासाठी इकडे आलो, याचं आबांना वाईट वाटलं होतं. पण त्यांची विद्या मी टाकून आलेलो नाही, हे त्यांनी त्या दिवशी पाहिलं.

तुमचं कोणी क्वीन्स, बोस्टन किंवा इकडे जुन्या घरात स्टीमवर राहत असेल तर त्यांना एवढं जरूर कळवा: कोणी दाब वाढवायला निघाला की आधी सायफन उघडायला सांगा. स्वतः जमत नसेल तर स्टीम जाणणारा माणूसच शोधा. आबांनी मला पुढचं काम दिलंय: आठवड्याला लो-वॉटर कटऑफमधून (पाणी कमी झालं की बर्नर बंद करतो तो) गाळ सोडायचा आणि काचेतली पाण्याची पातळी लिहून ठेवायची.