किसिंजर, जमालपूर आणि पाच पैशांचं तिकीट

अमेरिकेचा एकेकाळचा परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर याच्याबद्दल लोक दोनच तऱ्हांनी बोलतात. कुणी म्हणतं विसाव्या शतकातला सर्वांत चतुर मुत्सद्दी, कुणी म्हणतं युद्धगुन्हेगार. गडी हुशार होता, हे मात्र दोघांनाही मान्य असतं. माझं भांडण नेमकं तिथं आहे. निदान १९७१ पुरता, म्हणजे बांगलादेशच्या युद्धापुरता तरी तो हुशार ठरला नाही.

आमच्या आबांना हे पटत नाही. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. अपशिंगे मिलिटरीचे, म्हणजे कुठल्या घरात किती फौजी, हे विचारायचीच सोय नाही असं आमचं गाव. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये किसिंजर शंभर वर्षांचा होऊन गेला, तेव्हा मी साताऱ्याहून मुद्दाम गावी गेलो. त्यांचं पहिलं वाक्य : "दुश्मन असावा तर असा. पोटात दुखतंय म्हनून सांगितलं आन् चीनला जाऊन आला!"

गोष्ट खरी आहे. जुलै १९७१ मध्ये किसिंजर, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचा सुरक्षा सल्लागार, आधी दिल्लीला आला, गोडगोड बोलला, मग पाकिस्तानात गेला. तिथं पोट बिघडल्याचं सोंग केलं, नथियागलीच्या थंड हवेत विश्रांती घेतोय असं जगाला सांगितलं आणि पाकिस्तानी विमानानं गुपचूप पेकिंग (आजचं बीजिंग) गाठलं. निक्सनच्या चीनभेटीचा रस्ता तिथं मोकळा झाला. या मध्यस्थीचा दलाल होता पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखान. आणि त्याच याह्याखानाचं लष्कर मार्चपासून पूर्व बंगालात माणसं कापत होतं.

अमेरिकेला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ढाक्यातला त्यांचाच कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड यानं ६ एप्रिलला, वीस सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी, आपल्याच सरकारच्या धोरणाचा निषेध तारेनं कळवला होता. त्याची ढाक्यातून उचलबांगडी झाली. चीनशी वाटाघाटी महत्त्वाच्या होत्या, माणसं नव्हती.

आबांची पलटण तेव्हा मेघालयाकडच्या हद्दीवर होती. लढाईबद्दल ते फार बोलत नाहीत. निर्वासितांच्या छावण्यांबद्दल मात्र बोलतात. एकदा दोन बायका तांदळाच्या एका पोत्यावरून भांडत होत्या. पोतं पावसानं भिजून आंबलेलं, वास पार चुलीपर्यंत येत होता. आबा नि त्यांचा जोडीदार सोडवायला गेले. भाषा कळेना, कोण खरं तेही कळेना. संध्याकाळी बघतात तर दोघी एकाच चुलीवर तोच तांदूळ शिजवतायत. सुमारे एक कोटी माणसं अशी भारतात आली होती.

आणि किसिंजर स्वतः निर्वासित होता, हे मला राहून राहून खुपतं. जर्मनीतल्या फ्यूर्थ गावचा ज्यू पोरगा. १९३८ मध्ये, पंधराव्या वर्षी, घरच्यांबरोबर पळून न्यूयॉर्कला आला. दाढीच्या ब्रशच्या कारखान्यात राबला, रात्रशाळेत शिकला, पुढं अमेरिकन फौजेतून जर्मनीतच लढायला गेला. मागं राहिलेले त्याचे नातेवाईक नाझींनी मारले. एवढं भोगलेल्या माणसाच्या हिशेबात आबांच्या त्या दोन बायका कुठंच कशा येत नाहीत?

बरं, माणुसकी बाजूला ठेवू. त्याच्याच पाटीवरचा हिशेब तपासू. चीनच्या गुप्त भेटीनंतर महिन्याभरातच, ९ ऑगस्टला, भारतानं सोव्हिएत युनियनशी मैत्रीचा करार केला. म्हणजे रशियाला शह द्यायला निघालेल्यानं भारताला रशियाच्या आणखी जवळ ढकललं.

मग आली १० डिसेंबर. युद्ध पेटलं होतं, पूर्व बंगालातल्या जमालपूरला आपला वेढा पडला होता. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. त्या रात्री पाकिस्तान्यांनी वेढा फोडून दक्षिणेला निसटायचा प्रयत्न केला. तिथं रस्ता अडवून जंगी पलटण बसली होती. सकाळी जमालपूर पडलं.

त्याच तारखेला किसिंजर न्यूयॉर्कमध्ये चीनचा संयुक्त राष्ट्रांतला राजदूत हुआंग हुआ याला गुपचूप भेटला आणि भारताच्या सरहद्दीवर हालचाल करायला सुचवू लागला. त्याच सुमारास ‘एंटरप्राइझ’ ही अमेरिकन विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली. चीन हलला नाही. नौका येईपर्यंत ढाका जवळजवळ पडलंच होतं. १६ डिसेंबरला ९३ हजार युद्धकैदी आपल्या हातात आले. पश्चिम पाकिस्तान मी वाचवला, असं किसिंजर पुढं सांगत राहिला. सांगायला काय जातंय!

माझ्या आजीच्या ट्रंकेत त्या हिवाळ्यातलं एक पाकीट आहे, आत्यानं कराडहून पाठवलेलं. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक जादा तिकीट, त्यावर ‘शरणार्थी सहायता’ असा छापा. नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर हा कर होता. तेव्हा अर्थमंत्री कोण? कराडचे यशवंतराव चव्हाण. किसिंजरच्या डावाचं बिल आत्यानं असं पाच-पाच पैशांनी फेडलं.

पुढं ऑक्टोबर १९७४ मध्ये यशवंतराव परराष्ट्रमंत्री झाले आणि त्याच महिन्यात किसिंजर दिल्लीला आला. भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर दोघांनी सह्या केल्या. देवराष्ट्र्याचा शेतकऱ्याचा मुलगा आणि फ्यूर्थचा निर्वासित. दोघांनी एकमेकांना कसं जोखलं असेल, हे वाचायला मी वाट्टेल ती रद्दी चाळीन. आपल्या भारतीयांबद्दल निक्सन आणि किसिंजर खासगीत किती गलिच्छ बोलत होते, ते दप्तर २००५ मध्ये उघडलं. मग त्यानं खेद व्यक्त केला. शिव्यांचं मला फारसं वाटत नाही. आमच्या पारावर याहून वाईट ऐकलंय.

इस्रायल-इजिप्तमधली त्याची धावपळ, रशियाशी अण्वस्त्रमर्यादेचा करार, हे त्याच्या जमेला धराच. पण कंबोडियावर १९६९ पासून चौदा महिने चोरून बॉम्ब टाकले, तेही खर्चाला धरा. आणि १९७३ मध्ये शांततेचं नोबेल! बरोबरीच्या व्हिएतनामी ले डक थोनं ते नाकारलं, समितीतले दोन सदस्य राजीनामा देऊन गेले.

"त्या पैशाचं काय केलं त्यानं?" आबांनी विचारलं.

सांगितलं, मेलेल्या सैनिकांच्या पोरांच्या शिक्षणाला दिले. आणि दोन वर्षांनी सायगाव पडल्यावर बक्षीसही परत करायला निघाला होता, समितीनं घेतलं नाही.

"मग एवढं तरी बरं केलं."

"अमेरिकन पोरांच्या, आबा. कंबोडियातल्या नव्हे."

"शिपाई आपल्याच पलटणीचं बघतो, लेका."

तेव्हा तो शिपाई नव्हता, मंत्री होता, एवढं मी म्हणालो आणि आबांनी जमालपूर पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.