सोबत कोण?

सोबत कोणी येणार आहे का, हे ब्रिटनच्या व्हिसाच्या अर्जातही विचारतात. मी ‘नाही’ निवडलं आणि पान पुढे सरकलं. आईचं पान मात्र तीन महिने तिथेच अडकलेलं. “अगं, पण सोबत कोण?” सकाळी चहाला तेच, संध्याकाळी मेथी निवडताना तेच. पुण्याहून दादाचा फोन आला की त्याचीही सुरुवात तिथूनच. वहिनीने तर एका ग्रुप टूरचं पत्रकच पाठवून दिलं. आठ दिवसांत चार देश, रोज सकाळी पोहे नाहीतर उपमा, आणि त्यात लंडनच्या वाट्याला दीड दिवस.

मला चार देश नको होते. खरं तर मला आधी एक घर पाहायचं होतं.

आम्ही साताऱ्याचे. राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कूलवरून माझं रोजचं जाणं-येणं. ७ नोव्हेंबर १९०० ला या शाळेच्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव चढलं. महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. एकवीस वर्षांनी हाच विद्यार्थी लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरात राहत होता. तेही सरळ गेले नव्हते. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं, आणि १९२० मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राने उसने दिलेले पैसे घेऊन ते पुन्हा बोटीत चढले. शाळेचं फाटक रोज दिसतं, मग ते घरही एकदा बघून यावं, असं कितीतरी वर्षं डोक्यात होतं. बाकीचं लंडन या एका पत्त्याभोवती जमा होत गेलं.

दादाने शेवटी एक अट घातली. “दिवेलागणीच्या आत खोलीवर यायचं.” मी लगेच कबूल झाले आणि मे महिना ठरवला. मे संपत आला की लंडनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात तिथे चार वाजायच्या आत दिवे लागतात. हे त्याला सांगायची मला गरज वाटली नाही.

मी बँकेत आहे. कर्जाच्या फायली तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे व्हिसाच्या कागदांना मी घाबरणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं, मला सोडून. खात्यावर अचानक मोठी रक्कम दिसली की समोरच्याच्या मनात काय येतं, हे मला पक्कं माहीत. म्हणून दादा “दोन लाख टाकतो, स्टेटमेंट भारी दिसेल” म्हणाला तेव्हा मी त्याला जवळजवळ ओरडलेच. सहा महिन्यांचा पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा मंजूर झाल्याचं पत्र, आणि आई इथेच आहे म्हणजे मी परत येणारच, हे जमेल तितकं कागदावर दाखवलं. पुण्याच्या केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो दिले, आणि मग तीन आठवडे दुसऱ्याची फाईल बघताना हात जरा सैल पडायचा. माझीही कुणीतरी अशीच चाळत असेल.

पासपोर्ट परत आला तसं घरच्यांसाठी एक तक्ता केला. खरंच घरच्यांसाठी. भाचीने तो ऑनलाइन करून सगळ्यांना दिला, रंग भरले. सोमवार, मंगळवार, कुठे, कसं, किती वाजता. मी एकेका जागी पोहोचले की तो चौकोन हिरवा करायचा, म्हणजे साताऱ्यात आईला आणि पुण्यात दादाला कळणार. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो. माझी संध्याकाळ सातची म्हणजे आईची साडेअकराची, आणि चौकोन हिरवा झाल्याशिवाय ती झोपणार नाही हे ठरलेलंच होतं.

पॅडिंग्टनला खोली घेतली, कारण विमानतळावरून एलिझाबेथ लाइन थेट तिथे जाते, साधारण अर्ध्या तासात. पंधरा मिनिटांत नेणारी गाडीही आहे, पण तिचं तिकीट तेव्हा पंचवीस पाउंड होतं. मला कुठे झेंडावंदनाला पोहोचायचं होतं? खोलीच्या जाहिरातीत ‘लोअर ग्राउंड फ्लोअर’ लिहिलेलं होतं, आणि त्याचा अर्थ तळघर असतो हे मला तिथे गेल्यावरच कळलं. खिडकी होती, पण तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. आठवडाभरात लंडनच्या चपला-बुटांचा माझा बऱ्यापैकी अभ्यास झाला. तुम्ही एकटे असाल तर खोलीचा मजला विचारूनच घ्या.

सामानावरून मात्र खरी लढाई झाली. आईचं म्हणणं, कंदी पेढे न्यायचेच, लागले तर तिथल्या लोकांनाही देता येतील. पण भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, पेढेसुद्धा नाहीत. हे तिला पटेना. “पेढ्याला काय होतंय?” शेवटी मेतकूट, चटणी आणि पापडांवर तह झाला. पापड माझ्या हट्टाने. आंबेडकरांच्या लंडनमधल्या दिवसांबद्दल वाचलं होतं की अर्धपोटी अभ्यास करताना रात्री पत्र्यावर पापड भाजून ते भूक मारायचे. माझ्या बॅगेत पापड असावेत असं उगाचच वाटलं.

पोहोचले त्या संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून हाउली प्लेसपर्यंत चालत गेले. तिथे दहा नंबरच्या घरावर टिळकांच्या नावाची निळी पाटी आहे. १९१८-१९ मध्ये ते तिथे राहिले, चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर लावलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी. खटला ते हरले. ‘असंतोषाचे जनक’ हे चिरोलने आरोप म्हणून लिहिलेलं, आणि आम्ही शाळेत ते अभिमानाने घोकलं. रस्ता इतका शांत होता की पाटीचा फोटो काढतानाही चोरी केल्यासारखं वाटलं. चौकोन हिरवा केला. साताऱ्यात मध्यरात्र उलटून गेलेली, तरी आईचा अंगठा लगेच आला.

मंगळवारी किंग हेन्रीज रोड. वहीत सगळं लिहिलेलं होतं. किंग्ज क्रॉसला नॉर्दर्न लाइन, उतरायचं चॉक फार्मला, आणि खाली दोन रेघा मारून: ‘एजवेअरची गाडी बघूनच चढणे.’ कारण ही लाइन कॅमडेन टाऊनला फुटते. एक फाटा एजवेअरकडे, दुसरा हाय बार्नेटकडे. इतकं लिहूनही मी चढले हाय बार्नेटच्या गाडीत. दारं मिटत होती, मागून लोक येत होते, आपल्याकडे लोकलला होतं तसंच. कॅमडेन टाऊन गेल्यावर भिंतीवरचा नकाशा पाहिला तेव्हा लक्षात आलं. पुढचं स्टेशन केंटिश टाऊन, तिथे उतरून मागे फिरू म्हटलं, तर ते त्या वर्षी सरकत्या जिन्यांच्या कामासाठी बंद. गाडी न थांबता तशीच पुढे.

बोगद्यात फोनला रेंज नव्हती. दादाला विचारता येईना, भाचीला नकाशा बघायला सांगता येईना. टफनेल पार्क आलं, मी उठले आणि परत बसले. कारण याच फाट्यावर पुढे हायगेट होतं, आणि हायगेट माझ्या तक्त्यात गुरुवारी होतंच. मंगळवारचं गुरुवारी नेलं तर कोणाचं काय अडत होतं? आर्चवे गेलं. हायगेटला उतरले. ते तिसऱ्या झोनमध्ये आहे, भाडं थोडं जास्त लागलं, आणि वहीतला पैचा हिशेब तिथे पहिल्यांदा मोडला.

क्रॉमवेल अॅव्हेन्यू ६५. श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये हिंदी विद्यार्थ्यांसाठी इथे इंडिया हाउस काढलं, सावरकर इथेच राहायचे. आता साधं राहतं घर, त्यामुळे पलीकडच्या फुटपाथवरूनच पाहिलं. टिळक, सावरकर, आंबेडकर. तिघांची मतं एका पंगतीत बसणारी नव्हेत, पाट्या मात्र एकाच निळ्या रंगाच्या. समोरच्या घरातून एक आजोबा कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आले, माझ्याकडे आणि पाटीकडे पाहून मान हलवली आणि आत गेले. त्यांना आमच्या गर्दीची सवय असावी. पुढे हायगेटच्या दफनभूमीत मार्क्सचं भलंमोठं डोकं पाहिलं, त्यासाठी तिकीट काढावं लागतं. ही गंमत मार्क्सला कशी वाटली असती कोण जाणे.

फोन वाजला. दादा. “पोहोचलीस का?” मी म्हणाले, “हो, व्यवस्थित.” आणि चॉक फार्मचा चौकोन हिरवा करून टाकला.

गुरुवारी एजवेअरची गाडी नीट वाचून चढले. ते घर प्रिमरोझ हिलच्या टोकाशी आहे, चॉक फार्मपासून चालत. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. पाटीवर साल १९२१-२२. दारात उभी राहिले तेव्हा मला त्यांच्या पुस्तकांपेक्षा पापडच आठवत होते. टेकडीवर गेले, गवतावर बसले, समोर पसरलेलं शहर बराच वेळ बघत राहिले. पुढे कुठे जायचं होतं हे तक्त्यात लिहिलेलं होतं. मी गेले नाही.

पापड तसेच परत आले. खोलीत फक्त पाणी तापवायची किटली, आणि धूर झाला की भोंगा वाजेल अशी सूचना दारामागे चिकटवलेली. बॅग उपसताना आईने ते अख्खे पुडके बाहेर काढले आणि म्हणाली, “बघ, सोबत कोणी नव्हतं, म्हणून काही खाल्लंस नाहीस.”

आणि दादा, तू हे वाचशीलच. मंगळवारी मी चॉक फार्मला नव्हते.