मागचा पाय खुणेत पडत नव्हता

३ मार्च २०२५, सोमवार. आपल्याकडे पहाटे साडेपाचला ऑस्करचा सोहळा सुरू झाला आणि सहाच्या सुमारास सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट म्हणून 'फ्लो'चं नाव पुकारलं. मी बायकोला हलवून उठवलं. लॅटव्हियासारख्या इवल्याशा देशाला मिळालेलं हे पहिलं ऑस्कर. ८५ मिनिटांच्या चित्रपटात कुणी एक शब्द बोलत नाही. पुराचं पाणी, एक होडी, एक मांजर आणि होडीच्या आसऱ्याला आलेली बाकीची जनावरं, एवढीच गोष्ट. पिक्सार आणि ड्रीमवर्क्स या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंचे चित्रपट त्याच स्पर्धेत होते. मला त्याहून जास्त आनंद होता तो याचा की हा चित्रपट ब्लेंडरवर केलेला आहे. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मी नऊ वर्षं लातुरात औसा रोडवरच्या एका दुसऱ्या मजल्यावर तेच शिकवतोय.

लातुरात ॲनिमेशन शिकवणं सोपं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर नीटचा क्लास, समोरच्या इमारतीत जेईईचा. या शहराला दोनच परीक्षा ओळखू येतात. आमच्याकडं येणाऱ्या पोरांचे घरचे पाहुण्यांना 'कंप्युटर शिकायला गेलाय' एवढंच सांगतात.

दहा वाजता क्लासच्या मालकांचा फोन आला. बातमी त्यांनाही कळली होती. फ्लेक्स करायचा म्हणाले, 'ऑस्कर विजेतं सॉफ्टवेअर शिका'. मी म्हटलं, बक्षीस चित्रपटाला मिळालंय, सॉफ्टवेअरला नाही. 'लोकांना काय फरक पडतो?' मला पडतो. नुसतं बटण शिकून कुणाला काही मिळत नाही हे सांगण्यातच माझा अर्धा जन्म गेलाय. फ्लेक्स लागला, तो दिवाळीपर्यंत होता.

अकराला आप्पा आले. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील, चाकूर तालुक्यातले. लॅबच्या दाराशी चपला काढल्या आणि हातातली फीची पावती माझ्यापुढं धरली. लेकराला घेऊन जायला आले होते. सोयाबीनचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि बाजारात चार हजारांच्या आसपास विकलेलं. दुसरा हप्ता भरायचा कशातून? फी परत मागत नव्हते. फक्त 'नाव कमी करा' म्हणत होते.

एवढ्या वर्षांत हातात चांगली नजर असलेली पोरं मी चार-पाचच पाहिली. हे त्यातलं एक. म्हणून मी आप्पांना बसवलं, चहा मागवला आणि सकाळची बातमी सांगितली. सगळी सांगितली. जानेवारीत गोल्डन ग्लोब मिळालं तेव्हा ती ट्रॉफी लॅटव्हियाच्या राजधानीत, रीगाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात ठेवली होती आणि बघायला लोकांच्या रांगा लागल्या होत्या. त्याआधी फ्रान्सच्या आन्सी महोत्सवात, जिथं जगातले ॲनिमेशनवाले जमतात, ज्यूरीचं बक्षीस मिळालं, प्रेक्षकांचंही मिळालं. ज्यूरी आणि प्रेक्षक एकाच चित्रपटावर सहसा एकमत होत नाहीत, म्हणून मला ते ऑस्करपेक्षा मोठं वाटतं. दिग्दर्शक गिन्ट्स झिल्बालोडिस अवघा तीस वर्षांचा. पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट 'अवे' त्यानं एकट्यानं केला, संगीतासकट. आणि 'फ्लो'च्या फ्रेम रेंडर करायला, म्हणजे संगणकातून एकेक पक्कं चित्र काढायला, मोठा सर्व्हरचा ताफा नव्हता, त्याच्या स्वतःच्या संगणकावर झाल्या. हे सांगताना मी आमच्या मशीनवर हात ठेवला होता, ते मला नीट आठवतं.

आप्पांनी ट्रेलर शांतपणे बघितला. मग म्हणाले, "आमच्या लेकरानं काय केलंय ते दावा की."

पोरानं बैल केला होता. देवणी, शेवरा वाणाचा, पांढऱ्या अंगावर काळे डाग, लोंबते कान. मानेवर जू. ३२ फ्रेमचं चालण्याचं एक चक्र, तेच पुन्हा पुन्हा फिरवायचं. चार पायांच्या जनावराचं चालणं ही आमच्या धंद्यातली खरी परीक्षा. आधी मागचा डावा, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, पुढचा उजवा, आणि या सगळ्यात अंगाचं वजन कुठून कुठं जातंय ते दिसलं पाहिजे. नाहीतर बैल जमिनीवरून घसरत जातो. चार दिवस आम्ही दोघं ग्राफ एडिटरमध्ये, जिथं हालचाल आलेखाच्या रेषांत दिसते, एकेक वळण ओढत होतो. रात्री रेंडर लावताना व्हिडिओ कधीच काढत नाही, एकेक फ्रेमचं चित्र वेगळं काढतो. वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि गेली तर २११व्या फ्रेमला थांबलेलं काम २१२पासून पुन्हा सुरू करता येतं. शनिवारी बैल पूर्ण झाला. मी पास केला होता.

आप्पा खुर्ची पुढं ओढून बसले. दोनदा बघितलं.

"किती दाती हाय रं ह्यो?"

"चार दाती, आप्पा," पोरगं म्हणालं. म्हणजे वयानं जवान बैल.

"मंग मागचा पाय खुणेत का पडंना? पुढच्या पायाची खूण असती, मागचा पाय तिथंच पडाय पाहिजे. ह्यो चार बोटं अलीकडं टाकायलाय. थकलेला न्हाईतर दुखावलेला बैल असा चालतो. अन् मानंवर जू हाय, पर मानंला भारच न्हाई."

मी टाइमलाइन मागं नेली, फ्रेम फ्रेमनं पुढं सरकवली. पुढचा पाय उचलला गेला त्या जागेवर कर्सर ठेवला आणि मागचा पाय येऊ दिला. चार बोटं अलीकडं. पाय घसरू नये म्हणून मीच त्याला पाऊल आखूड घ्यायला लावलं होतं. पोरानं काही न बोलता माऊस घेतला, मागच्या पायाची की-फ्रेम, म्हणजे पाऊल कुठं टेकणार ते ठरवणारी फ्रेम, पुढं सरकवली, मान थोडी खाली ओढली. बैल चालायला लागला. अंगावर काटा आला माझ्या.

मी आप्पांना म्हटलं, बघा, तिकडं बक्षीस ह्याच नजरेला मिळालंय. 'फ्लो'मधली जनावरं कुणाच्या अंगाला यंत्र लावून टिपलेली नाहीत. खरी जनावरं बघून बघून हातानं चालवलेली आहेत. आवाजही खऱ्या जनावरांचे. त्यातल्या कॅपिबाराला, म्हणजे घुशीच्या जातीतल्या एका मोठ्या प्राण्याला, स्वतःचा आवाज शोभेना, म्हणून उंटाच्या पिल्लाचा दिला.

आप्पांना ते आवडलं. उंटाच्या पिल्लाचं त्यांनी पोराकडं बघून पुन्हा म्हणून दाखवलं. मग मला विचारलं, "सर, ही बक्षिसं मिळायच्या आदी त्या पोराला जेवायला कोण घालत होतं?"

मला उत्तर माहीत होतं. 'फ्लो'ला साडेपाच वर्षं लागली. सुमारे ३५ लाख युरो खर्च आला, म्हणजे आपले तीस कोटींच्या वर. हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लर, पण तो पैसा लॅटव्हियाच्या सरकारी चित्रपट केंद्रानं, फ्रान्सनं आणि बेल्जियमनं उभा केला. फ्रान्स-बेल्जियममधल्या स्टुडिओंत पगारी ॲनिमेटर बसले होते. एका तरुणाच्या नजरेवर देशानं पैसे लावले म्हणून त्याच्या टेबलावरच्या संगणकाची गोष्ट जगापर्यंत गेली. यातलं अक्षरही मी बोललो नाही. म्हणालो, "त्यानं लई कष्ट केले, आप्पा."

त्यांनी मान डोलावली. चहाचा कप स्वतः उचलून बाहेर बेसिनजवळ ठेवून आले. पोरानं बैलाची फाइल पेनड्राइव्हमध्ये घेतली. दोघं एसटी स्टँडकडं गेले.

त्या दिवशी गप्प का बसलो, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं. पोरगं हातचं जाऊ नये म्हणून, हे एक. पण दुसरंही आहे. पैशाची ती बाजू सांगितली असती तर आप्पांनी पुढचा प्रश्न विचारला असता, की आपल्याकडं असं कोण घालतं? लातुरात बसून त्याला काय सांगणार होतो? कोचिंगला कर्ज मिळतं, बैल चालवायला शिकण्याला मिळत नाही.

मृगाच्या तोंडावर पोराचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "सर, त्या मांजराच्या पिक्चरला खर्च किती आलता? आप्पा इचारायलेत."

मी आकडा सांगितला. कुणी दिला, किती वर्षं लागली, तेही सांगितलं या वेळी. पलीकडं त्यानं सगळं आप्पांना सांगितलेलं ऐकू येत होतं. मग बराच वेळ काहीच नाही, फक्त घुंगरांचा आवाज.

"ठेवतो सर," पोरगं म्हणालं. "बैलं पाण्यावर न्यायची हायत."