स्लग, रँकिन आणि नॉट: अमेरिकेत एरोस्पेस शिकताना

बारावीपर्यंत किलो, मीटर, न्यूटन यांवरच वाढलेल्या मुलांना अमेरिकेत एरोडायनॅमिक्सच्या गणितात हवेची घनता दिसते 0.002377. स्लग प्रति घनफूट! आपण पाठ केलेलं 1.225 किलो प्रति घनमीटर ते हेच. बर्नोलीचं सूत्र बहुतेकांना येतं, गुण जातात ते एककांत.

स्लग हे वस्तुमान. एक पौंड बल लावल्यावर ज्याचा वेग दर सेकंदाला एक फूट प्रति सेकंदाने वाढतो, ते वस्तुमान म्हणजे एक स्लग, साधारण 14.59 किलो. खरा घोळ 'पौंड' या शब्दाचा: तो बलही आहे आणि वस्तुमानही. एका स्लगमध्ये असे 32.174 पौंड वस्तुमान बसतं.

सेसना 172 घ्या. पंखांचं क्षेत्रफळ 174 चौरस फूट, वेग 100 नॉट (ताशी सागरी मैल), लिफ्ट कोइफिशियंट (पंख किती उचल देतो ते सांगणारा एककरहित आकडा) 0.4, उंची समुद्रसपाटीची. आधी नॉटला 1.688 ने गुणा, 168.8 फूट प्रति सेकंद मिळतात. अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे डायनॅमिक प्रेशर, येतं 33.9 पौंड प्रति चौरस फूट. त्याला क्षेत्रफळाने आणि कोइफिशियंटने गुणलं की लिफ्ट, म्हणजे वर उचलणारं बल, सुमारे 2,360 पौंड. आता घनता म्हणून कोणी 0.0765 (पौंड प्रति घनफूट) घातली, तर उत्तर 76 हजारांच्या घरात जातं. चार आसनी विमानाला एवढी लिफ्ट? ही चूक निदान डोळ्यांत तरी खुपते. नॉट तसेच ठेवले तर येतात 827 पौंड, आणि हा आकडा निमूटपणे उत्तरपत्रिकेत जाऊन बसतो. म्हणून जास्त वाईट चूक ही.

तापमानाचंही तसंच. ध्वनिवेगाच्या सूत्रात 15 अंश सेल्सिअसऐवजी 288.15 केल्विन घातले की 340 मीटर प्रति सेकंद येतात. नुसते 15 घातले तर 78. फूट-पौंडात काम असेल तर फॅरनहाइटमध्ये 459.67 मिळवून रँकिन (सेल्सिअसला जसं केल्विन, तसं फॅरनहाइटला हे) करा आणि गॅस कॉन्स्टंट 287 नव्हे, 1716 घ्या. दोन पद्धती अर्ध्या वाटेत मिसळू नका. सगळं सुरुवातीलाच एका पद्धतीत आणा, प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा आणि खोडत खोडत पुढे जा.

यात फक्त विद्यार्थीच फसतात असं नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर 1999 मध्ये मंगळाशी पोहोचताना गमावलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पौंड-सेकंद देत होतं, पुढचं त्यांना न्यूटन-सेकंद समजत होतं. फरक 4.45 पट.

मॅटलॅबमध्ये (गणितं करायचं सॉफ्टवेअर) तर आकड्याला एकक चिकटलेलंच नसतं, तेव्हा ते व्हेरिएबलच्या नावातच घाला. कोनांकडे विशेष लक्ष ठेवा. पातळ एअरफॉइलच्या (पंखाच्या छेदाच्या) लिफ्ट कोइफिशियंटचा कोनानुसार उतार 2π, पण तो दर रेडियनला. अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन) 5 अंश असेल तर कोइफिशियंट 0.55 यायला हवा. 31.4 आला, तर अंशांचे रेडियन करायचे राहिलेत.