अमेरिकन ॲक्सेंट म्हणजे नेमका कुठला?

कॉल सेंटरच्या जमान्यात पुण्यात 'अमेरिकन ॲक्सेंट शिका' अशा जाहिराती जिकडेतिकडे असायच्या आणि त्या बघून वाटायचं की तिकडे सगळे सारखंच बोलत असणार, टीव्हीवरचे बातम्यावाले बोलतात तसं. इकडे अमेरिकेत येऊन कामानिमित्त थोडं फिरलं की कळतं, तसं बोलणारा माणूस शोधावा लागतो.

बॉस्टनची जुनी मंडळी 'कार'मधला र गिळून टाकतात. दक्षिणेत पेन आणि पिनचा उच्चार एकच, म्हणून घोटाळा नको म्हणून लोक सरळ 'इंक पेन' म्हणतात. 'तुम्ही सगळे'साठी दक्षिणेत 'यॉल', पिट्सबर्गला 'यिंझ', आणि त्याच पिट्सबर्गला 'द कार नीड्स वॉश्ड' हे एकदम बरोबर वाक्य आहे, मधलं 'टू बी' गायब! ही स्कॉट्स-आयरिश, म्हणजे मूळ स्कॉटलंडचे पण उत्तर आयर्लंडमार्गे इथे आलेल्या लोकांची देणगी. आमच्या शाळेत असं लिहिलं असतं तर लाल पेनाने अख्खी ओळ गोल केली असती.

दर बारा कोसांवर भाषा बदलते हे आपलं गणित पूर्व किनाऱ्यावर बऱ्यापैकी लागू पडतं. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया एका दिवसाच्या ड्राइव्हमध्ये होतात आणि तिन्हीकडचं बोलणं वेगळं, फिलीत तर 'वॉटर'चं 'वुडर' होतं. पण पश्चिमेला डेन्व्हरपासून सिॲटलपर्यंत हजार मैलांच्या वर गाडी चालवा, कानाला फारसा फरक जाणवणार नाही. कारण पूर्वेकडे सतराव्या-अठराव्या शतकात ब्रिटनच्या वेगवेगळ्या भागातले लोक आपापलं बोलणं घेऊन वेगवेगळ्या ठिकाणी वसले, पश्चिमेला मात्र नंतर सगळीकडचे लोक मिसळून गेले आणि कोपरे घासले गेले.

आणि नुसता नकाशा बघूनही भागत नाही बरं का. विल्यम लबॉव्ह नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत एक भन्नाट प्रयोग केला, सॅक्स हे महागडं, मेसीज मधलं आणि एस. क्लाइन स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कुठे आहे म्हणून विचारायचं, सेल्सवाले म्हणणार 'फोर्थ फ्लोअर', मग ऐकू आलं नाही असं दाखवून परत म्हणायला लावायचं आणि गुपचूप टिपायचं की र उच्चारला की गिळला. सॅक्समध्ये र सगळ्यात जास्त ऐकू आला, क्लाइनमध्ये सगळ्यात कमी. म्हणजे एकाच शहरात, एकाच धंद्यात, गिऱ्हाईक कोण आहे त्यावर जीभ वळते. मला हा प्रयोग जाम आवडतो कारण ना मशीन, ना लॅब, फक्त कान आणि थोडा आगाऊपणा.

टीव्हीमुळे सगळे सारखे बोलायला लागतील हे मलाही पटायचं, पण शिकागो, डेट्रॉइट, बफलो या पट्ट्यात विसाव्या शतकात, टीव्ही घरोघरी असताना, स्वर उलट बाकीच्यांपासून लांब सरकत गेले (हल्लीची तरुण पोरं तिथेही ते सोडतायत म्हणा). पोरं टीव्हीसारखं बोलत नाहीत, ती बरोबरच्या पोरांसारखं बोलतात.

दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातही बरोबरची पोरं बदलली तसं बोलणं बदललं. 2023 मध्ये तिथल्या युनिव्हर्सिटीवाल्यांचा अभ्यास आला, की गोऱ्या लोकांमध्ये तो टिपिकल दक्षिणी ॲक्सेंट बेबी बूमर पिढीत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्यांत, सगळ्यात ठसठशीत होता आणि पुढच्याच पिढीत, जेन एक्समध्ये, धाडकन खाली आला, बाहेरून लोक येऊन वसले हे त्याचं मोठं कारण. यात दक्षिणी बोलण्याला हसण्याचाही हात असणार असं आपलं माझं मत, कारण सावकाश बोलतो म्हणजे डोकंही सावकाश चालतं असं इथे सर्रास धरलं जातं, आणि आपले देसी लोकसुद्धा पार्टीत त्यांची नक्कल करून हसतात, तेव्हा मला खरंच राग येतो. स्वतःच्या ॲक्सेंटवर कोणी हसलं की हेच लोक किती दुखावतात!

माझी भाची अटलांटाजवळच्या सबर्बमध्ये वाढतेय. 'यॉल' उठता बसता म्हणते पण पेनला पिन काही म्हणत नाही, तिच्या वर्गात बऱ्याच पोरांचे आईबाप बाहेरून आलेले, मग शिकणार कोणाकडून.