साडेसातशे पोती

सुभेदार साहेब फाईल घेऊन आले ते जवळपास ठरवूनच. चंदगड तालुक्यात काजूचा चालू कारखाना विकायला निघाला होता. शेड, बॉयलर, कटिंगची मशिनं, ड्रायर आणि गोदामात 60 टन काजू बी, असं सगळं एकत्र. सैन्यातून निवृत्त होताना मिळालेला फंड त्यात घालायचा होता. "मॅडम, तुम्ही फक्त ताळेबंद बघून द्या."

ताळेबंद चांगला होता. तीन वर्षं नफा, शेवटच्या वर्षी 14 लाख. जीएसटीची विवरणपत्रंही जुळत होती. अडचण माझीच होती. पंधरा वर्षं सीए म्हणून काम करतेय, पण काजूतलं खाण्यापलीकडे मला काही कळत नव्हतं.

म्हणून आधी आजऱ्याला गेले. ओळखीतल्या एका कारखानदारांनी मी नेलेले कागद उघडलेसुद्धा नाहीत. "उतारा किती पडतोय?" एवढंच विचारलं. उसाचा उतारा मला माहीत होता, काजूचा नव्हता. मग त्यांनी समजावलं. वेगवेगळ्या पोत्यांतली किलोभर बी घ्यायची, कातरायची आणि चांगला गर तोलायचा. 270 ग्रॅम भरला तर 80 किलोच्या पोत्यामागे साडेसत्तेचाळीस पौंड, म्हणजे माल उत्तम. चाळिशीच्या खाली गेला तर बायकांची मजुरी भागवण्यापुरताच कारखाना चालवायचा. दुसरी गोष्ट पैशाची. इथली बी मार्च ते मे एवढ्यातच येते, त्यामुळे वर्षाची भरती तेव्हाच करावी लागते. ती नीट वाळवून भरली नाही तर आपल्याकडचा पावसाळा ती खातो.

चंदगडला गेलो तो जुलै महिना होता, आणि तिथला जुलै म्हणजे काय ते सांगायला नको. मालकांनी पोहे-चहा दिला, कागद पुढे ठेवले. मी म्हटलं, आधी गोदाम बघू.

पुढच्या थप्पीतली बी टणक होती. मागच्या थप्पीजवळ गेल्यावर दमट, खवट वास आला. "सगळी एकच बी आहे," मॅनेजर म्हणाला. कटिंगच्या मावशी हाताला राख चोळत शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मॅनेजरकडे न बघता मला सांगितलं, "बाई, ही गेल्या सालची हाय."

दोन्हीकडचे नमुने वेगळे काढून आम्ही तिथेच कातरायला बसलो. शहाणपणा करून मी बिनराखेच्या हातानं चार बिया फोडल्या आणि टरफलाचं तेल बोटांना लागलं. त्याचा हिशेब नंतर द्यावा लागला. पुढच्या थप्पीचा गर भरला 270 ग्रॅम आणि मागच्या थप्पीचा 210, तोही काही ठिकाणी काळपट. म्हणजे 37 पौंड.

पोती मोजली. साडेसातशेपैकी पाचशे मागची, म्हणजे 40 टन. किलोमागे 60 ग्रॅम गर कमी, म्हणजे 2400 किलो. 700 रुपयांनी धरला तरी जवळजवळ 17 लाख. आणि वर्षअखेरच्या साठ्यात हीच पोती पूर्ण खरेदी भावानं लावलेली. मी ज्याला चांगला नफा म्हणत होते तो सगळा या पोत्यांत पडून होता. बँकेचं सीसी लिमिट, म्हणजे साठा तारण ठेवून मिळणारं खेळतं कर्ज, तेसुद्धा याच पोत्यांवर चालू होतं.

मालक रागावतील असं वाटलं होतं. ते पोत्यावर बसले. "घेतली तेव्हा चांगली होती हो मॅडम. भाव पडला म्हणून थांबलो, तेवढ्यात पाऊस लागला." मला ते खोटं वाटलं नाही. लुबाडायला बसलेला माणूस परक्याच्या हातात गोदामाची किल्ली इतक्या सहज देत नाही. पण म्हणून 17 लाख सुभेदारांनी का भरावेत?

आम्ही एवढंच सांगितलं की मागची पोती उताऱ्याच्या हिशेबानं घेऊ, नाहीतर तुम्ही ठेवा. त्यांनी आठ दिवस मागितले. त्या आठ दिवसांत माझ्या दोन बोटांची कातडी सोलून निघाली, कीबोर्डवर बोट टेकवेना.

फोन आला. मागची पाचशे पोती ते स्वतः ठेवणार होते, बाकीचं द्यायला तयार होते. सुभेदार साहेबांनी लगेच हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते आजऱ्याला गेले, बी कातरायला शिकायला.